पदराआडून भरवलेलं घुबड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे उंदीर कापणं.

दिवाळीच्या अंकात, चकलीच्या ताटलीशेजारी हे वाचायला बरं वाटणार नाही. पण काम तेच होतं, त्याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. दुपार कलली होती. अंगणात कडुनिंबाखाली देवका पाटावर बसलेली. तिच्यापुढे जुना पत्रा, आणि पत्र्यावर रहीमभाईच्या धान्याच्या गोदामातले दोन मेलेले उंदीर. मी शेपटी धरायचो, ती कैची चालवायची. एकट्या माणसाला ते जमत नाही, उंदीर सरकतो.

देवका माळकरी होती. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. उंदराला हात लावायच्या आधी ती माळ फिरवून पाठीवर टाकायची. काम झालं, आंघोळ झाली, की पुन्हा पुढे.

त्या दिवशी कैची बोथट होती. उंदराचं कातडं तुटता तुटत नव्हतं.

"धार लावून आणा म्हणलं होतं तुम्हाले," ती म्हणाली.

"उद्या आणतो."

"तुमचा उद्या अन् नळाचं पाणी. आलं तवा खरं."

"कैची बोथट आहे म्हणून तू जिभेनं कापून राह्यली काय?"

"जीभ आहे म्हणून हे घर चालू आहे. शेपटी नीट धरा."

तुकडे झाले. तिने खुंटीवरचं हिरवं लुगडं अंगावर घेतलं, पदर हनुवटीपर्यंत खाली ओढला आणि ताटली घेऊन मागच्या पत्र्याच्या खोलीत गेली. तिथे घुबडाचं पिल्लू होतं. गव्हाणी घुबड म्हणतात त्याला. तोंड पिंपळाच्या पानासारखं, पांढरं. अंगावर अर्धा कापूस आणि अर्धी पिसं, म्हणजे उसवलेल्या गादीसारखं ध्यान. बाहेर येऊन तिने लुगडं खुंटीवर टांगलं आणि म्हणाली, "एक तुकडा राह्यला, बाकी सगळं खाल्लं. पंख फडकवून राह्यलं आता. थोडक्या दिवसांत जाईन ते." मग म्हणाली, "हातपाय धुते, मंग चहा ठेवते."

ती मोरीत गेली. मी पत्रा धूत होतो. तांब्या पडल्याचा आवाज आला. तांब्या पडला की माणूस काहीतरी बोलतं, निदान तांब्याला तरी शिवी देतं. ती काही बोलली नाही.

संपादकसाहेबांनी मला त्या दिवसाबद्दल लिहायला सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, मी दुसरी पास, मला लिहिता येत नाही. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. आता मी बोलतो तसं लिहिलं तर पुण्याच्या माणसाला अर्धं समजणार नाही. म्हणून माझं मी पुस्तकी लिहून राहिलो आहे, आणि माणसं जे बोलली ते त्यांच्या तोंडचं ठेवलं आहे. कामाबद्दल लिहायला बसलो की दर वेळी तो तांब्या पडतो. म्हणून तो आधी लिहून टाकला.

तर काम.

मी बुलडाण्यात विजेच्या खांबांवर चढणारा माणूस. पगाराचं काम ते. खांबावर चढलं की खालच्याला दिसत नाही ते दिसतं. तारेत अडकलेलं वटवाघूळ, मांज्यात गुंतलेली घार, ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत गरमीला बसलेला साप. मी ते सोडवून खाली आणायचो आणि देवका ते जगवायची. ती चौथी शिकलेली होती, म्हणजे माझ्यापेक्षा दुप्पट. हे ती मला महिन्यातून एकदा तरी ऐकवायची.

लोकांना वाटतं की हे काम म्हणजे जनावर पकडणं. पकडणं सगळ्यात शेवटी येतं. आधी माणसाला गप करावं लागतं. साप निघाला की घरातली सगळी माणसं एकाच वेळी बोलतात, एक जण काठी आणतो, एक जण व्हिडिओ काढतो, आणि साप बिचारा कोपऱ्यात बसून ऐकतो. दार ओढून घ्या, खालची फट कापडानं बुजवा, लांबून नजर ठेवा, मारू नका. एवढं चार वेळा सांगितलं की अर्धं काम झालं. आणि पाखराचं पिल्लू पडलेलं दिसलं की घरी न्यायचं नाही, होईल तर घरट्यात परत ठेवायचं. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देत नाही. इतका राग फक्त माणसाला येतो.

चिखली रोडवरच्या एका नव्या घरातून एकदा फोन आला. साहेब दारात उभे होते, घाम आलेला. म्हणाले, "काका, वर कोणीतरी घोरतं." घरातल्या बाईने मला बाजूला घेतलं. तिचा सासरा उन्हाळ्यात वारला होता आणि तो जिवंतपणी फार घोरायचा. आता पावसाळा लागल्यापासून छतातून तोच आवाज येत होता. त्यांनी शांती करून घेतली, वर गंगाजल शिंपडलं, तरी घोरणं चालूच. बाई रडकुंडीला येऊन म्हणाली, "मामंजींनी जिवंतपणी झोपू दिलं नाही आणि आता मेल्यावरही नाही."

मी शिडी लावून छताच्या पोकळीत डोकं घातलं. आत चार पांढरी तोंडं एका रांगेत, माझ्याकडे पाहून डोलत होती. गव्हाणी घुबडाची पिल्लं भूक लागली की ओरडत नाहीत, घोरतात. मी खाली उतरलो आणि म्हटलं, "ताई, सासऱ्याले लेकरं झाले तुमच्या. चार."

कोणी हसलं नाही. घरी येऊन देवकाला सांगितलं तर तिच्या हातची भाकर तव्यावर करपली. नंतर ती स्वतः त्या घरी गेली, बाईबरोबर चहा प्याली आणि काय बोलली कोणास ठाऊक, पण पिल्लं उडेपर्यंत त्या लोकांनी छताला हात लावला नाही. बाई फोनवर सांगायची, "मामंजी आज लवकर उठले."

पदराची गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आमचं पहिलं घुबड आम्ही लाडानं वाढवलं. मांडीवर बसवून, तोंडाजवळ तोंड नेऊन. राजा नाव ठेवलं होतं. मोठं झाल्यावर सोडलं, उडालंही चांगलं. पण त्याला माणूस म्हणजे आई वाटायचं. देऊळघाटच्या रस्त्यावर एक माणूस संध्याकाळी गाडी थांबवून फोनवर बोलत होता. राजा जाऊन त्याच्या खांद्यावर बसला. त्या माणसाने हेल्मेटने त्याला ठेचून मारला. त्या माणसाचा राग येत नाही मला. अंधारात खांद्यावर घुबड बसलं तर मीही तेच केलं असतं. पण ते ठेचलेलं पाखरू देवकाने ओच्यात घेऊन घरी आणलं, आणि घरात दोन दिवस चूल पेटली नाही.

मग जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की भरवणाऱ्याने तोंड झाकायचं, बोलायचं नाही, रोज एकच कापड घालायचं. पिल्लाला घास दिसला पाहिजे, माणूस दिसता कामा नये. त्या दिवसापासून ते हिरवं लुगडं आलं. देवकाने ते कधी साबणाने धुतलं नाही. ती म्हणायची, "त्याले आपलं तोंड दाखवायचं नाही. तोंड दाखवलं का माया लागते, अन् माया लागली का ते मरते." सून सासऱ्यासमोर घेते तसा पदर घेऊन ती घुबडापुढे बसायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, "देवकाबाई, सासू-सासऱ्यासमोर नाही घेतला एवढा पदर तुम्ही." ती म्हणायची, "ते काही नख्या मारत नव्हते."

शाळांमधलं काम तिचं. मी नुसता पिशव्या धरायला. फ्लॅटमध्ये राहणारी लेकरं, त्यांना मातीत बसायला सांगितलं की आधी रुमाल अंथरतात. घुबड जे खातं त्यातली हाडं आणि केस पोटात गोळा करून तोंडावाटे गोळी टाकतं. देवका त्या गोळ्या वाळवून डब्यात ठेवायची. शाळेत गेली की एकेका पोराच्या हातावर एक गोळी आणि एक सुई. आधी सगळी 'ई' करायची. मग कोणीतरी सुईने टोकरून एक दात काढायचा, मग अख्खा जबडा, मग उंदराची कवटी, शेंगदाण्याएवढी. मग वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. माझ्या आयुष्यात मी तशी शांतता फक्त नाग निघालेल्या घरात पाहिली आहे.

एका पोरीने तिला विचारलं होतं, "आजी, तुम्ही माळ घालता आणि उंदीर कापता?"

देवका म्हणाली, "माळ मी घातली व माय. त्यानं थोडीच घातली."

शाळेतल्या बाई हसल्या. पोरगी हसली नाही, तिने मान हलवली. तिला पटलं होतं.

आणि एका माणसाचं सांगतो, म्हणजे या धंद्यात काय काय येतं ते समजेल. दिवाळीच्या आधी चांगल्या गाडीतून आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, बोलणं साखरेसारखं. आधी मला वाटलं शाळेतून कोणी आलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "काका, एक घुबड मिळेल का? पूजेसाठी हवं होतं. जिवंत." मला आधी समजलंच नाही. मग तो म्हणाला की अमावास्येच्या रात्री लागतं आणि नंतर परत मिळणार नाही. तेव्हा समजलं. मी नाग हातात धरलेला माणूस, पण त्या इस्त्रीच्या शर्टाची मला भीती वाटली.

देवका उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "लक्ष्मीचं वाहन ना ते? गाडी फोडून ठेवता अन् वरून तिले म्हणता घरी ये?"

"काकू, तुम्हाला त्यातलं समजत नाही."

"नाही समजत. तुमच्या गाडीचा नंबर वनखात्यातल्या पोराले सांगते, त्याले समजीन."

तो उठून गेला. पाण्याचा ग्लास तिने त्या दिवशी राखेने घासला.

म्हणजे बघा. इतकी वर्षं ती लोकांना हेच सांगत होती की घुबड अशुभ नाही. शाळेत, बाजारात, लग्नात जेवायच्या पंगतीतसुद्धा. पंगतीत सांगत जाऊ नको असं मी तिला म्हणायचो.

हे शेवटचं पिल्लू एका जुन्या भिंतीतलं. घरमालकाने भोक सिमेंटने लिंपून टाकलं, पिल्लं खाली फेकली. एक जगलं. परत ठेवायला घरच राहिलं नव्हतं, म्हणून ते आमच्या पत्र्याच्या खोलीत आलं. दुधाचा रतीब असतो तसा उंदरांचा रतीब रहीमभाईने लावला. रहीमभाईची बाजारात धान्याची अडत आहे. रोज गोदामातले पिंजरे पाहून डालड्याच्या जुन्या डब्यात उंदीर आणून द्यायचा. देवकाला भाभी म्हणायचा. म्हणायचा, "भाभी, तुमचा पाहुणा माह्या गोदामाचा चौकीदार व्हायले पाहिजे." ती म्हणायची, "उडू तर द्या, मंग पगार ठरवा."

आता तो दिवस.

मोरीत ती आडवी पडली होती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मेलेलं मी लांबून ओळखतो. शॉक लागलेली माकडं, वटवाघळं, एकदा माझ्याबरोबरचा माणूससुद्धा. छाती हलते का ते पाहावं लागत नाही, अंग कसं पडलं आहे त्यावरून समजतं. त्या दिवशी मी तिला पाणी पाजत होतो. पाणी तोंडात न जाता गालावरून खाली येत होतं, तरी मी म्हणत होतो, "घे व, घोटभर घे."

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. का उचलला मला माहीत नाही. एक बाई ओरडत होती, "काका, बाथरूममध्ये साप आहे." मी म्हटलं, दार ओढून घ्या. खालची फट कापडानं बुजवा. लांबून नजर ठेवा. मारू नका. रंग कसा आहे? लांब आहे? पिवळसर? मग धामण असेल, विषारी नाही, घाबरू नका. सगळं नीट सांगितलं, जसं रोज सांगतो तसं. आणि मग म्हटलं, येतो मी.

देवकाचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी म्हटलं येतो मी. अजून मला त्याचा अर्थ लागत नाही.

गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी मनगट धरलं, डोळे पाहिले आणि हार्ट म्हणाले. मी म्हटलं, आत्ता कैचीवरून भांडत होती ती माझ्याशी. डॉक्टर म्हणाले, हो, असंच होतं. असंच होतं म्हणजे कसं होतं, ते त्यांनीही सांगितलं नाही.

लेक रेखा डोणगावहून आली, पुंडलिक धाडहून आला. पुंडलिक देवकाचा धाकटा भाऊ. त्याची माय लवकर गेली, देवकाने त्याला कडेवर वाढवला. त्याच्या गळ्यातही तिच्यासारखीच माळ. अंगणात येऊन तो माझ्याशी न बोलता तिच्या पायाशी बसला, आणि मोठा माणूस रडतो तसा नाही, हरवलेलं पोर रडतं तसा रडला.

बायांनी तिला आंघोळ घातली. आतून एक जण बाहेर आली आणि म्हणाली, "माळ मागं काऊन गेली हो हिची? पाठीवर आहे."

मी सांगणार होतो. त्याआधी दुसरी बोलली, "घुबड आहे ना घरात. त्यानंच फिरवली."

तिसरी म्हणाली, "किती दिवसाचं घोरून राह्यलं होतं ते. यमाचं बोलावणं होतं, हिले समजलं नाही."

ती तिसरी बाई मला माहीत होती. तिच्या नातीने शाळेत देवकाच्या हातून गोळी घेऊन उंदराची कवटी काढली होती, आणि ती कवटी कापसात गुंडाळून घरी नेली होती. मी म्हटलं, "उंदीर कापताना तीच टाकायची मागं." कोणी ऐकलं नाही. मी आत गेलो आणि माळ तिच्या गळ्यात पुढे घेतली. गळा तेव्हाच गार झाला होता.

दिवस बुडता बुडता अग्नी दिला. आणि खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहितो. आगीकडे पाहताना एक पळ मलाही वाटलं. वाटलं, ती बाई म्हणते ते खरं असेल तर? इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून पिशव्या धरल्या, सगळं ऐकलं, पाठ झालं, आणि तरी वाटलं. ते कुठे लपून बसलं होतं माझ्यात, मला माहीत नव्हतं. त्याची भीती मला कोणत्याही सापापेक्षा जास्त वाटली.

परत येताना पुंडलिक माझ्याबरोबर चालत होता. म्हणाला, "भाऊजी, एक सांगू काय? ते पाखरू घरात नोको आता."

मी चालत राहिलो.

"ताईचा जीव होता त्याच्यावर, मले माहीत आहे. पण लोक बोलून राह्यले. उद्या रेखाच्या सासरी हेच बोलतीन. सकाळी पोत्यात घालून नेतो. पाहतो मी त्याचं."

'पाहतो मी त्याचं' याचा अर्थ आमच्या भागात सगळ्यांना समजतो. मी तरीही काही बोललो नाही. आणि आमच्याकडे म्हातारा माणूस गप राहिला तर ते हो धरतात.

घरी आल्यावर रेखाने ताटलीत दुपारचा राहिलेला एक तुकडा नेला. पिल्लू पाठीवर पडलं आणि दोन्ही पायांच्या नख्या वर काढून फुत्कारलं. मग मी गेलो. माझ्याकडे पाहून चोच टकटक वाजवली. घास खाली पडला तरी पाहिलं नाही. त्याला मी माहीत नव्हतो, रेखा माहीत नव्हती, आणि देवकाही माहीत नव्हती. त्याला फक्त एक हिरवं लुगडं माहीत होतं. मी खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. बायांनी तिचे सगळे कपडे गोळा करून गाठोडं बांधलं होतं, आणि ते फाटकाजवळ ठेवलं होतं, घरातून बाहेर काढायला.

त्या रात्रीबद्दल लिहीत नाही. भरल्या घरात कोणी झोपलं नव्हतं, आणि घोरत मात्र एकच जण होतं.

सकाळी अंगण माणसांनी भरलं होतं. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या बाया भाकरी आणि पिठलं झाकून आणत होत्या. पुंडलिक कडुनिंबाखाली उभा होता, बगलेत रिकामं पोतं आणि हातात सुतळी. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मी ओट्यावर बसलो होतो आणि पुढचं काय करायचं असतं ते मला सुचत नव्हतं. सकाळी उठल्यावर माणूस काय करतं ते मी विसरलो होतो.

फाटकात रहीमभाई आला. डोक्यावर टोपी, डोळे सुजलेले, आणि हातात तो डालड्याचा डबा.

सगळ्यांनी डब्याकडे पाहिलं. एक बाई म्हणाली, "भाऊ, आज तरी नोको होतं."

रहीमभाईने माझ्यासमोर येऊन डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्यासाठी भाकर आणाले साऱ्या गल्लीतल्या बाया आहेत. त्याच्यासाठी कोण आणन? भाभीनं मले सांगलं होतं, काई झालं तरी रतीब चुकवू नोका." मग थोडं थांबून म्हणाला, "आता हे काई म्हणजे असं काई, हे मले काय माहीत होतं."

मी उठलो.

खिडकीतली कैची घेतली. पायरीच्या दगडाला पाणी लावलं आणि कैची घासायला बसलो. दगडावर लोखंडाचा आवाज झाला तशी अंगणातली कुजबूज थांबली. रेखा म्हणाली, "बाबा, काय करून राह्यले तुम्ही?" मी म्हटलं, "धार लावून राह्यलो. उद्या लावतो म्हणलं होतं तिले." उद्या आला होता.

मग फाटकाजवळ गेलो आणि गाठोड्याची गाठ सोडली.

"अहो बाबा, मेलेल्याच्या कपड्याचं गाठोडं सोडतात काय कोणी?" मागून एका शेजारणीचा आवाज आला. मी लुगडी बाजूला करत गेलो. लग्नातलं एक होतं, रेखाच्या लग्नातलं एक होतं. हिरवं तळाशी होतं. त्याला उंदराचा, पिसांचा आणि तिच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. ते खांद्यावर टाकलं, पत्रा आणला, कडुनिंबाखाली तिच्या पाटावर बसलो आणि डबा उघडला.

एका हाताने उंदीर, एका हाताने कैची. सरकला. पुन्हा धरला, पुन्हा सरकला. शेपटी धरायला कोणीतरी लागतं.

मी वर पाहिलं. पुंडलिक पोतं घेऊन तसाच उभा होता.

"पुंडलिक," मी म्हटलं, "शेपटी धर."

तो हलला नाही. फाटकातली बाई भाकरीचं ताट घेऊन तशीच उभी राहिली. मी म्हटलं, "तुह्या ताईचं काम आहे. एकट्याच्यानं होत नाही."

त्याने पोत्याकडे पाहिलं. मग ते खाली टाकलं आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. हात पुढे केला, आणि थांबला. मला वाटलं आता उठतो. त्याने हात गळ्याशी नेला, माळ फिरवली आणि पाठीवर टाकली. मग शेपटी धरली. नीट धरली. कैचीला धार चांगली आली होती.

तुकडे ताटलीत घेऊन मी उभा राहिलो. हिरवं लुगडं अंगावर गुंडाळलं, देवका घ्यायची तसा पदर डोक्यावरून घेतला आणि हनुवटीपर्यंत खाली ओढला. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं." दुसरं कोणीतरी म्हणालं, "चूप बस बे." तो पुंडलिक होता.

पत्र्याच्या खोलीत शिरलो, खाली बसलो, आणि तिच्यासारखाच काही न बोलता तुकडा पुढे धरला. पदरातून मला फक्त ताटली दिसत होती. बराच वेळ काही झालं नाही. मग कोपऱ्यातलं घोरणं जवळ आलं, आणि बोटांतला तुकडा ओढला गेला.

दुसरा धरला. तोही गेला.

मी ताटली रिकामी होईपर्यंत बसलो, आणि नंतरही बसलो. तोंड दाखवलं नाही. त्यालाही नाही, आणि बाहेर अंगणात बसलेल्या कोणालाच नाही.